हिजरी सन हिजरतीपासूनच का मोजतात, आणि ती माघार होती का

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत म्हणून जरा मोठं उत्तर लिहितेय. तुम्ही म्हणताय की घरातल्या जुन्या मोडी कागदावर 'सन सबा तिसैन मया व अलफ' अशी तारीख निघाली, कोणीतरी सांगितलं हा हिजरी सनाचाच प्रकार, मग तुम्ही शोधलं तर पुस्तकात एकच ओळ, 622 साली पैगंबर मक्केहून मदिनेला गेले, याला हिजरत म्हणतात. आणि मग तुम्ही विचारलंय की जन्म सोडून, कुरआन उतरायला लागला ती रात्र सोडून, मक्का जिंकली तो दिवसही सोडून, गाव सोडावं लागलं त्या घटनेपासून कोणी वर्षं का मोजेल, ती तर माघार झाली ना, आणि हिजरत 1 मुहर्रमला, म्हणजे हिजरी वर्षाच्या पहिल्याच दिवशी झाली का.

आधी कागदाचं सांगून टाकते कारण ते सोपं आहे. सबा म्हणजे 7, तिसैन 90, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1197. हा शुहूर सन. मुहंमद तुघलकाच्या काळात, 1344 च्या सुमारास, दख्खनमध्ये हिजरी 745 चा आकडा तसाच उचलून सौर वर्षाला जोडला आणि तिथून पुढे तो सौर पद्धतीने चालत राहिला, म्हणजे पेरणी-सुगी आणि वसुली यांच्याशी जुळावा म्हणून. वर्ष मृग नक्षत्र लागलं की बदलतं. 599 मिळवले की इसवी सन येतं, जानेवारी ते मृगापर्यंतची तारीख असेल तर 600. म्हणजे तुमचा कागद 1796-97 चा, उत्तर पेशवाईतला. त्याच वेळी खरा चांद्र हिजरी सन 1211 चालू होता, कारण चांद्र वर्ष 354 दिवसांचं, ते पुढे पळतं. तेव्हा आकड्याचं मूळ हिजरतीतच आहे हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते बरोबर.

आता खरा प्रश्न. मी कॉलेजात मध्ययुगीन इतिहास बरीच वर्षं शिकवत आलेय आणि हिजरतीचा भाग आला की मुलं हमखास गुहा, कोळ्याचं जाळं, कबुतरं, पाठलाग एवढंच लिहितात. ते सगळं प्रवासाबद्दल झालं. तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर प्रवासात मिळत नाही, निघायच्या आधी मक्केत माणूस कशाच्या जोरावर जगत होता आणि पोचल्यावर मदिनेत कशाच्या जोरावर जगायला लागला यातला फरक बघितला तरच मिळतं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हिजरतीत रक्ताच्या नात्याने मिळणारं संरक्षण सुटलं आणि कराराने मिळणारं संरक्षण उभं राहिलं, आणि त्या क्षणापासून मुसलमान हा एक समाज म्हणून व्यवहार करायला लागला. बाकी सगळं याच्यातून निघतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कुठल्या साधनावर किती भर द्यायचा यावर बारीक तपशील बदलतात. पैगंबरांचं सविस्तर चरित्र इब्न इसहाकने लिहिलं, तो 767 च्या सुमारास वारला, आणि आपल्या हातात ते मुख्यतः इब्न हिशामने संपादित केलेल्या रूपात आहे, म्हणजे घटना आणि आजची प्रत यात दोनेकशे वर्षं गेलेली आहेत. त्यामुळे मी वर्गात असं करते की कुरआनमधल्या हिजरतीविषयीच्या आयती (वचनं) आणि मदिनेचा करार (तो पुढे येईलच) हे पाया धरायचं आणि चरित्रातले प्रसंग त्यावर ठेवून बघायचे, जिथे जुळतात तिथे विश्वास जास्त. श्रद्धेने वाचणाऱ्याला असं करायची गरज नाही आणि त्याचं वाचनही मी कमी मानत नाही. पण तुमचा प्रश्न 'का' असा आहे म्हणून या पद्धतीने सांगते.

मक्केत पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, राजा नव्हता. तुम्हाला कोणी मारलं तर तुमचं कूळ बदला घेईल किंवा खुनाची भरपाई वसूल करेल, ही भीती हाच कायदा. म्हणून ज्याच्या मागे कूळ नाही त्याचे हाल. बिलाल गुलाम होते, त्यांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला जायचा, सुमय्या या बाईंचा तर जीवच गेला. उलट पैगंबरांना टोमणे, अपमान, घाण टाकणं हे सगळं झालं पण हात घालता येत नव्हता, कारण चुलते अबू तालिब बनू हाशिम कुळाचे प्रमुख होते आणि त्यांनी पुतण्याला पाठीशी घातलेलं होतं. आणि परंपरेनुसार अबू तालिब यांनी स्वतः नवा धर्म स्वीकारला नव्हता (शिया परंपरा याबद्दल वेगळं सांगते). इथे थांबून विचार करा, संरक्षण धर्मामुळे मिळत नव्हतं, रक्तामुळे मिळत होतं. कुरैशांनी, म्हणजे मक्केतल्या मुख्य जमातीच्या बाकीच्या कुळांनी, बनू हाशिमना दोन-तीन वर्षं वाळीत टाकलं, लग्नसंबंध बंद, खरेदी-विक्री बंद, तेव्हा मक्केतल्या एका घाटीत उपाशी राहिलेल्यांत धर्म न स्वीकारलेले नातेवाईकही होते. आणि पैगंबरांचे दुसरे चुलते अबू लहब मात्र विरोधकांच्या बाजूला.

याच काळात, 615 च्या आसपास, पहिली हिजरत झाली. ती मदिनेची नाही, हबशाची, म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियातलं अक्सूमचं ख्रिस्ती राज्य. लाल समुद्र ओलांडून आधी छोटा गट गेला, मग वाढत वाढत मोठ्या माणसांची संख्या ऐंशीच्या वर गेली. उस्मान आणि त्यांची बायको, म्हणजे पैगंबरांची मुलगी रुकय्या, पहिल्या गटात होते. कुरैशांनी अम्र इब्न आस यांना भेटी देऊन राजाकडे पाठवलं की आमची माणसं परत द्या, तेव्हा जाफर इब्न अबी तालिब यांनी तिथल्या राजासमोर, नजाशीसमोर, कुरआनातल्या मरियमच्या सूरहमधला (अध्यायातला) भाग म्हणून दाखवला आणि राजाने माणसं परत द्यायला नकार दिला. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो शाळेच्या पुस्तकात जवळपास नसतोच. मुसलमानांचा पहिला आसरा एका ख्रिस्ती राजाचा होता.

मग वर्ष तिथून का नाही मोजलं? कारण हबशात ते दुसऱ्याच्या राज्यात पाहुणे होते. जीव वाचला, नमाज शांतपणे झाली, पण आपसातला तंटा कोणी सोडवायचा, खुनाची भरपाई कोण देणार, कोणाच्या बाजूने लढायचं हे ठरवायची वेळच आली नाही. जाफर आणि त्यांच्याबरोबरची मंडळी 628 पर्यंत तिकडेच होती, म्हणजे मदिना उभी राहून सहा वर्षं झाली तरी, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावला नाही. दोन्ही हिजरतीच, पण एकीत आसरा मिळाला आणि दुसरीत समाज घडला.

619 साली सगळं कोसळलं. पैगंबरांच्या पत्नी खदीजा गेल्या, अबू तालिब गेले, आणि बनू हाशिमची सूत्रं अबू लहबकडे गेली ज्यांनी संरक्षण काढून घेतलं. आता पैगंबर स्वतः त्या अवस्थेत आले ज्यात आधी फक्त दुबळे होते. ते ताइफला गेले, तिथल्या लोकांनी दगड मारून हाकलून दिलं, आणि परत आले तर मक्केत शिरता येईना, कारण कोणाच्या तरी हमीशिवाय शिरणं म्हणजे मरण. शेवटी बनू नौफलच्या मुतइम इब्न अदी यांनी हमी दिली, तेही मूर्तिपूजकच. स्वतःच्या जन्मगावात परक्याच्या शब्दावर राहायचं, तोही त्याने कधी मागे घेतला तर संपलं. हिजरत का करावी लागली याचं कारण मी मुलांना छळ एवढंच लिहू देत नाही, छळ तर आधीपासून होता. कारण हे आहे की कुळाची ढाल गेली आणि मक्केच्या व्यवस्थेत दुसरी ढाल मिळायची सोयच नव्हती.

आता यस्रिबकडे बघा, मदिनेचं जुनं नाव. तुमच्या पुस्तकातल्या ओळीत फक्त मक्केची बाजू आहे, पण यस्रिबलाही गरज होती. मक्का रखरखीत, व्यापारावर जगणारी, तर यस्रिब खजुराच्या बागांचं आणि विहिरींचं ओॲसिस, वस्त्या विखुरलेल्या, प्रत्येक कुळाच्या गढ्या वेगळ्या. औस आणि खजरज या दोन अरब जमाती पिढ्यानपिढ्या एकमेकांचे गळे कापत होत्या, 617 च्या सुमाराला बुआसची लढाई झाली त्यात दोन्हीकडची कर्ती माणसं गेली. बरोबर राहणाऱ्या ज्यू जमाती, कैनुका, नजीर, कुरैजा, त्याही या बाजूला किंवा त्या बाजूला बांधलेल्या. अशा ठिकाणी दोन्ही गटांबाहेरचा, ज्याचा शब्द दोघं मानतील असा माणूस हवाच होता. 620 ला हजच्या वेळी खजरजचे सहा जण भेटले, 621 ला अकबाच्या घाटात बारा जणांनी शपथ घेतली, त्यांच्याबरोबर मुसअब इब्न उमैर यांना शिकवायला पाठवलं आणि त्या एका वर्षात त्यांनी घरोघर जे काम केलं त्यामुळे 622 ला अकबाला सत्तरच्या वर पुरुष आणि दोन बायका आल्या.

या दुसऱ्या अकबा शपथेत काय होतं ते नीट बघा. पहिल्या शपथेत देवाला भागीदार मानणार नाही, चोरी करणार नाही, पोरं मारणार नाही असं वागण्याविषयी होतं. दुसऱ्या वेळी शब्द दिला की आम्ही आमच्या बायकापोरांचं जसं रक्षण करतो तसं तुमचं करू. म्हणजे जे फक्त रक्ताच्या माणसासाठी करायचं ते परक्यासाठी करायचं ठरलं. त्याच बैठकीत अबुल हैसम नावाच्या माणसाने अगदी रोखठोक विचारलं, आमचे इतरांशी जुने संबंध आहेत ते आम्ही तुमच्यासाठी तोडू, पण उद्या देवाने तुम्हाला यश दिलं तर तुम्ही आम्हाला सोडून आपल्या लोकांत परत जाणार का. पैगंबर हसले आणि म्हणाले तुमचं रक्त ते माझं रक्त, तुम्ही माझे आणि मी तुमचा. हा प्रश्न लक्षात ठेवा, त्याचं उत्तर आठ वर्षांनी प्रत्यक्षात द्यावं लागलं.

'माघार' या शब्दाला माझा आक्षेप इथे आहे. माघारीत माणूस जिथून निघतो तिकडेच बघत असतो. इथे दोन वर्षं बोलणी झाली, शिक्षक पुढे पाठवला, शब्द घेतला, आणि मग मक्केतले मुसलमान थोडे थोडे करून पाठवले, पैगंबर जवळजवळ शेवटी निघाले. धोका होताच, दारुन्नदवा या सभेच्या जागी प्रत्येक कुळातला एकेक तरुण घेऊन एकदम वार करायचा म्हणजे बदला कोणा एकावर उलटणार नाही असा बेत झाला असं परंपरा सांगते (आणि हा बेतसुद्धा कुळाच्याच गणितावर बेतलेला आहे बघा). त्या रात्री पैगंबरांचे चुलतभाऊ अली त्यांच्या बिछान्यावर झोपले, आणि नंतरही ते काही दिवस मक्केत थांबले कारण लोकांनी पैगंबरांकडे ठेवलेल्या ठेवी परत करायच्या होत्या. म्हणजे जे लोक विरोधात होते त्यांच्याही ठेवी. मदिना उत्तरेला, पण पैगंबर आणि त्यांचे जवळचे सोबती अबू बकर आधी दक्षिणेला सौर डोंगराच्या गुहेत गेले, तीन रात्री तिथे, अबू बकरांची मुलगी अस्मा जेवण पोचवायच्या, आमिर इब्न फुहैरा शेळ्यामेंढ्या फिरवून पावलांच्या खुणा पुसायचे, आणि वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह इब्न उरैकित नावाचा मुसलमान नसलेला, पण भरवशाचा माणूस आधीच ठरवलेला. याला मी पळ म्हणणार नाही.

पण यात सहज काहीच नव्हतं, आणि माणसांवर काय गेलं ते वाचलं की मगच कळतं की नातं तुटणं म्हणजे काय. उम्मे सलमांचं उदाहरण मी दरवर्षी देते. नवरा अबू सलमा, कडेवर मुलगा, उंटावर बसून निघाले, तर बाईच्या माहेरच्यांनी तिला अडवलं की ही आमची मुलगी, तू जा, ही नाही. मग नवऱ्याच्या कुळाने म्हटलं बाई तुमची असेल पण पोरगा आमचा, आणि ओढाताणीत मुलाला घेऊन गेले. तिघं तीन ठिकाणी. जवळजवळ वर्षभर ती रोज बाहेर येऊन रडत बसायची, शेवटी कोणाला तरी दया आली, मूल परत मिळालं आणि ती एकटी निघाली, वाटेत उस्मान इब्न तल्हा भेटले, ते तेव्हा मुसलमान नव्हते, पण त्यांनी उंट धरून तिला मदिनेजवळच्या कुबापर्यंत पोचवलं. सुहैब यांना कुरैश म्हणाले तू आलास तेव्हा कफल्लक होतास, आता इथे कमावलेलं घेऊन जातोस काय, तर त्यांनी सगळी संपत्ती तिथेच ठेवली आणि निघाले. घर, पैसा, बायको-मूल, गाव यातलं प्रत्येक काहीतरी कोणीतरी सोडलं. कुरआनमध्ये 59 व्या सूरहत आठव्या आयतीत मुहाजिरांचं, म्हणजे हिजरत करून आलेल्यांचं, वर्णन हेच आहे, जे आपल्या घरादारातून आणि मालमत्तेतून काढले गेले, आणि लगेच नवव्या आयतीत अन्सारांचं, म्हणजे मदिनेतल्या मदत करणाऱ्यांचं, की स्वतःला गरज असूनही ते दुसऱ्याला आधी देतात.

मदिनेत पोचल्यावर मुहाजिरांना तापाने घेरलं. अबू बकर, बिलाल दोघं आजारी. बिलाल तापात मक्केतल्या गवताची, झऱ्याची, शामा आणि तफील या डोंगरांची आठवण काढून कविता म्हणायचे. ज्या गावाने छातीवर दगड ठेवला त्याच गावाची आठवण. हे बुखारीत, म्हणजे हदीसच्या प्रसिद्ध संग्रहात, पैगंबरांच्या पत्नी आयेशांच्या तोंडून आलंय आणि मला ते फार खरं वाटतं. शिवाय व्यापाऱ्यांना शेती येत नव्हती. तेव्हा पैगंबरांनी एकेक मुहाजिर आणि एकेक अन्सार असे भाऊ लावून दिले, सुरुवातीला तर हे मानलेले भाऊ एकमेकांचे वारसही होते, पुढे वारसा रक्ताच्या नात्याकडे परत गेला. साद इब्न रबी यांनी अब्दुर्रहमान इब्न औफ यांना अर्धी मालमत्ता देऊ केली, ते म्हणाले देव तुमचं भलं करो, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखवा, आणि कैनुकांच्या बाजारात तूप आणि वाळवलेलं दही विकून उभे राहिले.

आणि मग तो करार ज्याला मदिनेचा करार किंवा सहीफा म्हणतात. तो इब्न इसहाकने दिलाय, अबू उबैद या जुन्या ग्रंथकाराकडेही आहे, आणि भाषा इतकी जुनाट आणि कलमं इतकी रोखठोक आहेत की चिकित्सक अभ्यासकसुद्धा बहुतेक सगळे तो अस्सल मानतात, फक्त तो एकाच वेळी लिहिला की वेगवेगळ्या वेळचे मसुदे एकत्र केले यावर वाद आहे. त्याची सुरुवातच अशी की कुरैशातले आणि यस्रिबचे श्रद्धावंत आणि त्यांच्या मागून येऊन सामील होणारे हे इतर लोकांपासून वेगळी अशी एक उम्मत, म्हणजे एक समाज. पण माझ्या मते त्यातली सगळ्यात बोलकी जागा पुढची आहे. खुनाची भरपाई कोणी एकत्र भरायची याची यादी आहे, बनू औफ, बनू हारिस, बनू साइदा अशी मदिनेची कुळं एकेक करून, आणि त्या यादीत पहिलं नाव काय, तर कुरैशातले मुहाजिर. म्हणजे जे वेगवेगळ्या कुळांतून तुटून आले त्यांना कागदावर एक कूळ धरलंय! रक्ताने नाही, एकाच गोष्टीने बांधलेलं, की त्यांनी घर सोडलं. जुनी पद्धत मोडून टाकली नाही, तिच्याच भाषेत नवी गोष्ट बसवली.

त्याच करारात बनू औफचे ज्यू श्रद्धावंतांबरोबर एक उम्मत आहेत, ज्यूंना त्यांचा धर्म आणि मुसलमानांना त्यांचा, असं कलम आहे, यस्रिबचा आतला भाग सगळ्यांसाठी पवित्र आणि सुरक्षित, आणि तंटा झाला तर निवाडा देवाकडे आणि मुहंमदांकडे. इथे मी एक गोष्ट झाकत नाही, हे नातं टिकलं नाही. कैनुका 624 ला, नजीर 625 ला बाहेर काढले गेले आणि 627 ला खंदकाच्या वेढ्यानंतर कुरैजांच्या पुरुषांना मारण्यात आलं. त्याची कारणं, कोणी शब्द मोडला, साधनं किती एकतर्फी आहेत, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, पण मदिनेचा करार सांगायचा आणि हे गाळायचं असं करू नये.

इथपर्यंतचं थोडक्यात: मक्केत संरक्षण रक्ताचं होतं, ते 619 ला संपलं, अकबाला ते शब्दाने मिळालं, आणि मदिनेत करार करून त्याला समाजाचं रूप आलं. रोजा, जकात, वारसा, लढाई-तह यांचे नियम याच्यानंतर आले, कारण नियम लागू करायला आधी समाज लागतो. किब्ला, म्हणजे नमाज पढायची दिशा, जेरुसलेमकडून मक्केकडे वळला तोही पोचल्यावर सोळा-सतरा महिन्यांनी.

आता एक गोष्ट जी पुस्तकात हमखास सुटते. हिजरत हा 622 मधला एक दिवस नव्हता, ती जवळपास आठ वर्षं चालू होती आणि त्या काळात सदस्य कोण हे तिच्यावर ठरायचं. आठव्या सूरहची 72 वी आयत बघा, ज्यांनी श्रद्धा ठेवली पण हिजरत केली नाही त्यांच्या पाठीराखेपणाची जबाबदारी तुमच्यावर नाही जोवर ते हिजरत करत नाहीत, हां, धर्मासाठी मदत मागितली तर करा, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही. म्हणजे मनातली श्रद्धा वेगळी आणि समाजाचं सदस्यत्व वेगळं, आणि दिलेला करार त्या दोन्हींच्या वर. चौथ्या सूरहत 97 व्या आयतीत तर देवदूत विचारतात की देवाची जमीन पुरेशी मोठी नव्हती का तुम्हाला निघून जायला, आणि पुढच्याच आयतीत ज्यांना खरंच मार्ग नव्हता अशा दुबळ्या पुरुष, बायका, मुलांना सूट. भटक्या अरबांना सांगितलं जायचं की मुहाजिरांच्या भागात येऊन राहा, नाही आलात तरी मुसलमान आहात पण लढाईतल्या मिळकतीत वाटा नाही.

बायकांचं तर मुद्दाम सांगते. 628 ला कुरैशांशी हुदैबियाचा तह झाला, त्यात मक्केहून कोणी पालकांच्या परवानगीशिवाय आला तर परत पाठवायचा असं ठरलं आणि पुरुषांना परत पाठवलंही. मग उक्बाची मुलगी उम्मे कुलसूम एकटी निघून मदिनेला आली, भाऊ मागे न्यायला आले, आणि 60 व्या सूरहची दहावी आयत सांगते की हिजरत करून आलेल्या श्रद्धावंत बायकांची परीक्षा घ्या आणि खरंच श्रद्धावंत असतील तर परत पाठवू नका, आधीच्या नवऱ्याने खर्चलेला मेहर (लग्नात बायकोला दिलेली रक्कम) मात्र परत करा. बापभावाच्या संमतीविना बाईने केलेला निर्णय कायद्याने मानला गेला.

जानेवारी 630 ला मक्का हातात आली आणि पैगंबरांनी जाहीर केलं की विजयानंतर आता हिजरत नाही. पुढे हुनैनच्या लढाईनंतर मिळकतीचे मोठे वाटे मक्केच्या नव्या लोकांना दिले तेव्हा अन्सार दुखावले की आता आपल्या माणसांत गेले. तेव्हा पैगंबर त्यांना म्हणाले, लोक शेळ्या आणि उंट घेऊन घरी जातील आणि तुम्ही देवाच्या पैगंबराला घेऊन जाल, हे तुम्हाला पसंत नाही का. आणि ते मदिनेलाच गेले, 632 ला तिथेच वारले. मक्का त्यांचीच होती, सगळ्यात प्रियही होती, राहायला कोणी अडवलं नसतं. अबुल हैसमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता सन. पैगंबरांच्या जिवंतपणी कोणी हिजरी सन लिहीत नव्हतं. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, हिजरी 16 किंवा 17 ला, राज्य इराक-सीरियापर्यंत पसरलेलं, पत्रं यायची पण वर्ष नाही, एका कागदावर शाबान महिना लिहिलेला आणि उमर विचारतात कुठला शाबान, गेलेला की येणारा. सल्लामसलत झाली, जन्म, पैगंबरीची सुरुवात, मृत्यू, हिजरत असे पर्याय समोर आले, आणि हिजरत ठरली, काही वृत्तांतांत हे सुचवणं अलींच्या नावावर आहे. उमर म्हणाले असं सांगतात की हिजरतीने खरं आणि खोटं वेगळं केलं. मला व्यवहाराचं कारणही दिसतं. त्यांना सन हवा होता तो करार, कर, कर्ज, पगार यांच्यासाठी, आणि जो समाज करार करतो त्याचं वय तो समाज झाला तिथूनच मोजणार. शिवाय त्या वर्षाबद्दल शंका नव्हती, हजारो साक्षीदार जिवंत होते.

1 मुहर्रमला हिजरत झाली का, हा तुमचा तिसरा प्रश्न. नाही. पैगंबर कुबाला पोचले रबीउल अव्वल महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर 622, पण अरबांचं वर्ष मुहर्रमपासून सुरू व्हायचं ते तसंच ठेवलं, म्हणून पहिल्या वर्षाचा पहिला दिवस 16 जुलै 622 धरतात. आणि इथे एक खाचखळगा, मक्केत अधूनमधून अधिक महिना टाकायची पद्धत होती ती हिजरी 10 ला बंद झाली, त्यामुळे त्या आधीच्या घटनांच्या इसवी तारखा काही दिवसांनी किंवा महिन्याने इकडेतिकडे होऊ शकतात. दोन पुस्तकांत वेगळी तारीख दिसली तर घाबरू नका. सन लवकर रुळला हे मात्र पक्कं आहे, इजिप्तमधली ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांतली एक पावती, मुसलमान सैन्याने मेंढ्या घेतल्या त्याची, तिच्यावर वर्ष 22 आहे, आणि सौदीत अल-उलाजवळ झुहैर नावाच्या माणसाने दगडावर कोरलंय की उमर वारले त्या वेळी, वर्ष 24 ला, मी हे लिहिलं. ठरवल्यापासून आठेक वर्षांत वाळवंटातल्या दगडावर!

हिजरतीचं वजन पुढे राजकारणातही दिसतं. पैगंबर वारल्यावर सकीफा या मदिनेतल्या सभेच्या जागी अन्सार म्हणाले एक अमीर (प्रमुख) आमचा आणि एक तुमचा, आणि मुहाजिरांतले अबू बकर निवडले गेले. उमर यांनी भत्त्यांची नोंदवही काढली तेव्हा कोण आधी आला यावर रक्कम ठरली. बुखारीत आहे की सुरुवातीच्या मुहाजिरांना चार हजार दिले आणि स्वतःच्या मुलाला, अब्दुल्लाहला, साडेतीन हजार. लोकांनी विचारलं तोही मुहाजिरच ना, कमी का, तर म्हणाले त्याला आईबापांनी आणलं, स्वतःहून निघालेल्यासारखा तो नाही. हिजरत म्हणजे स्वतः घेतलेला निर्णय, हे त्या पिढीला किती स्पष्ट होतं ते यात दिसतं.

पुढे वाचायचं असेल तर चरित्रापासून सुरू करू नका. आधी आठव्या सूरहच्या शेवटच्या चार आयती, मग 59 व्याच्या 8 ते 10, मग 60 वी पूर्ण, ती छोटीच आहे. मराठीत कुरआनचे अनुवाद मिळतात. मग मदिनेचा करार कलम-कलम करून, हातात पेन्सिल घेऊन, कोण कोणाला कशाची हमी देतंय एवढंच खुणा करत. आणि त्यानंतर इब्न हिशाम उघडा, अकबाच्या प्रकरणापासून.